व्याह्यांचे बंटीराव

दुसऱ्याची ठेव जपणं हेच मानवी संस्कृतीचं मूळ आहे. माणसानं आग शोधली, चाक शोधलं, शेती शोधली; पण तो खऱ्या अर्थानं माणूस झाला तो शेजाऱ्याची वस्तू शेजारी परत येईपर्यंत जशीच्या तशी सांभाळली त्या दिवशी. हा विचार मला घराच्या पायरीवर बसल्या बसल्या सुचला. तो पार्वतम्माला, म्हणजे आमच्या मंडळींना, ताबडतोब ऐकवावा म्हणून मी उठलो, तर माझी डावी चप्पल जागेवर नव्हती. ती ठेवीच्या तोंडात होती.

ठेव म्हणजे एक पांढरा पामेरियन कुत्रा. नाव बंटी, राहणार सोलापूर. आमची लेक शिवकांता ज्या घरी दिली, त्या घरचा. व्याही राजशेखर, विहीणबाई उमादेवी, जावई आणि शिवकांता असे सगळे श्रीशैलला दर्शनाला निघाले होते. कुत्र्याला देवळात घेत नाहीत आणि लॉजवाले लॉजवर घेत नाहीत. म्हणून मोठी वाकडी वाट करून ते आमच्या सास्तूरला आले आणि त्याला आमच्या दारात उतरवलं.

उमादेवींनी सूचना दिल्या. बंटीला तिखट चालत नाही. शिळं तो खात नाही. एकटा बसत नाही. मांस-मच्छीचा वाससुद्धा त्याला सहन होत नाही, कारण तो पहिल्यापासून आमच्यासारखाच, लिंगायताच्या घरी वाढलेला. हे सगळं चालू असताना शिवकांतानं आईला दाराआड घेतलं.

"आई, नीट बघ गं त्याच्याकडं. सासूबाई येताना दोनदा म्हणाल्या, तुझ्या माहेरी जमंल ना त्याला?"

एवढं एकच वाक्य. पण मुलीच्या आईला असं वाक्य म्हणजे कोर्टाचं समन्स असतं. गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत पार्वतम्मा हात हलवत होती. मग तिनं पदर खोचला.

आधी ती भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी आली. लांबून आलेल्या पाहुण्यावरून तुकडा ओवाळायचा आणि बाहेर टाकायचा ही आमच्याकडची रीत. टाकलेला तुकडा कुत्र्यानं खायचा ही त्याच रीतीची पुढची पायरी. तिनं ओवाळला, टाकला. पाहुणे वळले, बाहेर गेले, आपल्यावरून उतरवलेली सगळी इडापिडा चावून खाल्ली आणि जिभल्या चाटत पुन्हा आत आले.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? घरातलं घरात राहिलं," पार्वतम्मा म्हणाली आणि वाकून त्याला म्हणाली, "बर्री बंटीराव, कुंद्री."

म्हणजे या, बसा. पार्वतम्माचं माहेर कर्नाटकातलं, त्यामुळं अतिराग आणि अतिआदर या दोन्ही गोष्टी तिच्या तोंडून कानडीतच येतात.

"अगं, कुत्रा आहे तो. राव काय? अहो-जाहो काय?"

"तुमच्यासाठी असंल कुत्रा. शिवकांताच्या सासरचा हाय. उद्या तिनं फोन केला आन् मी 'ए बंट्या' म्हणलेलं तिच्या सासूला ऐकू गेलं तर?"

त्या दिवसापासून घरात जेवणाचा क्रम ठरला. आधी बंटीराव, मग मी. त्यांना दूधभात, वर तुपाची धार. मला सकाळचं पिठलं. मी एकदा म्हणालो, की आपल्या लग्नात मला एवढा मान मिळाला नव्हता. त्यावर ती म्हणाली, की तुमच्या घरच्यांनी तुम्हाला सोडून श्रीशैलला जायचं हुतं, मिळाला असता.

समोरच्या रांगेतला वीरप्पा पहिल्याच दिवशी संध्याकाळच्या आत चौकशीला आला. व्याही आले की गल्लीतल्या चार घरांनी चहाला बोलवायचं असतं, आणि न बोलावलं तर ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. वीरप्पानं ओसरीवर बसलेल्या पाहुण्यांकडं पाहिलं, थोडा विचार केला आणि कुठलीही जोखीम न घेता म्हणाला, "अण्णा, चहा चालतो का त्यांना? का दूधच ठेवायला सांगू?"

एकूण सगळं रीतीप्रमाणं चाललं होतं. मग दिवेलागण झाली.

पार्वतम्मानं देवापुढं निरांजन लावलं आणि त्याच वेळी बंटीराव दारात जाऊन बसले. मान आभाळाकडं केली, डोळे मिटले, आणि एक लांब, बारीक, वर वर चढत जाणारा सूर लावला.

आमचं सास्तूर आता सरळ रेघांचं गाव आहे. जुनं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं. हे नवं, ओळीनं बांधलेलं, रुंद रस्त्यांचं. रस्ते सरळ असले की आवाजसुद्धा कुठं अडत नाही. गल्लीतले टीव्ही एकेक करून बारीक झाले. वीरप्पाच्या घरातली मिक्सरची घरघर थांबली. दुसऱ्या गावांत सांजेला कुत्रं रडलं, की म्हणतात, कुणीतरी एक जाणार. आमच्या गावाला एकाचा अनुभव नाही.

 थोड्या वेळानं वीरप्पाची बाज बाहेर आली.

"आज लई उकडतंय," तो म्हणाला. पौष महिना होता आणि बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

त्याच्या शेजारच्या गौराबाईनं गादी बाहेर आणली. म्हणाली, आत ढेकूण झालेत. पार्वतम्मा म्हणाली, गाद्यांना जरा हवा लागली पाहिजे, आणि त्या हवेला म्हणून तिनं दोघांच्या गाद्या रस्त्याकडेला अंथरल्या. मी म्हणालो, आज चांदणं बघावं म्हणतो. अमावास्या जवळ आली होती. तरी कुणी मला हसलं नाही.

आमच्या बरोबर समोर मथुरामावशी राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढं, मुलगा लातूरला नोकरीला, घरात एकट्या. त्यांनी बाज ओढत ओढत बाहेर आणली, घोंगडी टाकली आणि बसल्या. त्यांनी मात्र काही कारण दिलं नाही.

ही बाज बाहेर येणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. भूकंपानंतर सरकारनं आणि संस्थांनी आम्हाला सिमेंटची पक्की घरं दिली. आम्ही त्यांत ज्वारीची पोती ठेवली, कडबा ठेवला, आणि स्वतः पुढं पत्रे ठोकून त्यांच्याखाली झोपलो. बाहेरून येणारे साहेब लोक विचारायचे, एवढं चांगलं घर असताना पत्र्याखाली का? आम्ही म्हणायचो, हवा येते. वर्षं गेली, पोरं मोठी झाली, आणि ज्यांनी तो दिवस पाहिला नव्हता ती आधी आत झोपायला लागली. त्यांच्या मागं हळूहळू आम्हीही गेलो. सगळ्यांत शेवटी राहिल्या मथुरामावशी. भूकंपाच्या पहाटे त्यांची सासू आणि धाकटी लेक दगड-मातीखाली गेल्या होत्या. परवाच्या दिवाळीत खोकला फार वाढला, डॉक्टर म्हणाले थंडीत बाहेर झोपू नका, मुलानं गळ घातली, आणि एका संध्याकाळी त्यांनी बाज आत नेली. त्याचा कुणी समारंभ केला नाही. पण गल्लीत प्रत्येकाच्या लक्षात आलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला आलेल्या माणसालासुद्धा आम्ही हळू बोल म्हणून सांगितलं होतं.

ती बाज आता परत बाहेर आली होती. आमच्या पाहुण्यामुळं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दिवसभर बंटीराव आनंदात असायचे. खात, लोळत, माझ्या चपलांचा संसार मोडत. निरांजन लागलं की दारात बसून तो सूर. मी त्यांना आत कोंडून पाहिलं, तर आतून तो आवाज जास्त घुमला. टीव्ही मोठा केला, तर त्यांनी मालिकेतल्या सासूच्या वर सूर नेला. वीरप्पानं त्यांना मोटारसायकलवर पुढं बसवून फाट्यापर्यंत चक्कर मारली. पाहुणे हवा खात गेले, हवा खात आले आणि दारात उतरल्याबरोबर सुरू झाले.

सकाळी उठलं की पहिला आवाज मावशींच्या खोकल्याचा यायचा. पार्वतम्मा चूल सोडून दारापर्यंत जायची आणि परत यायची.

"मी व्याह्यांना फोन करतो," मी म्हणालो.

तिनं हातातली पळी तशीच धरली. "काय सांगणार?"

"विचारतो, हा संध्याकाळचा रडतो का म्हणून."

"रडतो म्हणलं, की झालं! 'आमच्या बंटीला त्यांच्याकडं रडू आलं.' जन्मभर ऐकंल माझी लेक. सणाला निघाली की सासू म्हणंल, जा बाई तुझ्या माहेरी, तिथं तर मुकं जनावरसुद्धा रडतं."

"अगं, पण समोर मावशी..."

"मला दिसत न्हाय का?" ती म्हणाली आणि पळी खाली ठेवली. मग हळू म्हणाली, "मला रातभर ऐकू येतंय. तुम्ही मावशींनाच काहीतरी सांगून बघा. तुम्हाला बोलायला येतं."

मला बोलायला येतं हे खरं आहे. माझ्याकडं प्रत्येक प्रसंगाला वाक्य तयार असतं. मी समोर गेलो. मावशी उन्हाला बसून लसूण सोलत होत्या.

"मावशी, त्या कुत्र्याचं मनावर घेऊ नका. परगावचा आहे. घरच्यांची आठवण येते, म्हणून ओरडतो. तुम्ही आपल्या आत झोपत जा."

त्यांनी मान वर केली नाही. "त्या सांजंलाबी आमचं कुत्रं रडत हुतं, अण्णा. दारात बसून, असंच, वर तोंड करून. गणपती बोळवायला निघाले हुते. सासू म्हणली, ढोल-ताशाला भेलंय ते, गप ऱ्हाईल. म्या बी म्हणलं, व्हय, ढोलालाच भेलं असंल." त्यांनी एक पाकळी ताटात टाकली. "तवाबी कुनीतरी कारन सांगितलंच हुतं."

मी खाली बसलो. मग लसणाची टरफलं वाऱ्यानं उडत होती ती गोळा करून दिली आणि घरी आलो.

संध्याकाळ व्हायच्या बेताला मी फोन हातात घेतला. पार्वतम्मा पहाऱ्याला समोर येऊन बसली.

"तक्रार करणार नाही," मी म्हणालो. "स्तुती करणार आहे. मुलीकडच्यांनी स्तुती करायला कुणाची बंदी आहे?"

व्याह्यांनी लगेच उचलला. "नमस्कार अण्णासाहेब! काय म्हणतात आमचे चिरंजीव? त्रास तर नाही ना?"

"छे छे! त्रास कसला! आम्ही तर त्यांच्या आवाजावर खूष आहोत. काय आवाज आहे हो! संध्याकाळच्या वेळी असा काही सूर लावतात, की सगळी गल्ली घराबाहेर येऊन बसते."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पार्वतम्मानंसुद्धा मान डोलावली.

पलीकडं राजशेखर खुलले. "गातो ना? तिथंपण गातो? अगं उमा, ऐकलंस का, बंटी तिथंपण गातोय!" मग मला म्हणाले, "अहो, मी रोज दिवे लागले की मंगळारती म्हणतो. कानडीतली, वडिलांच्या वेळेपासूनची. हा लहान होता तेव्हापासून शेजारी बसून माझ्याबरोबर सूर धरतो. आरती झाली, की खोबऱ्याचा तुकडा घेतो आणि मगच उठतो. तुम्ही देता ना खोबरं?"

मी पार्वतम्माकडं पाहिलं. तिनं कपाळाला हात लावला. दूधभात, तूप, साखरेच्या पाण्यात बुडवलेली चपाती, सगळं झालं होतं. खोबरं नव्हतं झालं.

"तुम्ही सांगितलं असतं तर..." मी म्हणालो.

"कसं सांगणार?" व्याह्यांचा आवाज उतरला. "ओठांवर आलं होतं. पण मुलीकडच्यांना म्हणायचं, आमच्या कुत्र्यासाठी रोज आरती करा, खोबरं फोडा? लोक म्हणतील, लग्नात मानपान नको म्हणाले आणि आता कुत्र्याचा मागतायत. शिवकांताला काय वाटलं असतं?"

म्हणजे इकडं आम्ही तिच्यासाठी तोंड मिटून होतो आणि तिकडं ते तिच्यासाठी. मधल्या मधे एक गल्ली थंडीत झोपत होती.

एवढ्यात अंधारून आलं. बंटीराव उठले आणि दाराकडं निघाले. "व्याहीसाहेब," मी घाईनं म्हणालो, "आजची आरती इथूनच होऊ द्या." आणि फोनचा आवाज पूर्ण मोठा करून तो उंबऱ्यावर ठेवला.

राजशेखरांनी घसा साफ केला आणि मंगळारती सुरू केली. व्याह्यांबद्दल वावगं बोलू नये. मी एवढंच म्हणेन, की त्यांचा आणि बंटीरावांचा सूर एकाच घराण्यातला होता. पहिल्या ओळीला बंटीरावांचे कान ताठ झाले. त्यांनी फोनभोवती एक फेरी मारली, वास घेतला, शेपटी हलवली आणि शेजारी बसून तोंड वर केलं. पण आजचा सूर वर चढत गेला नाही. आरतीच्या ओळीबरोबर चढला, ओळीबरोबर उतरला. बाजांवर बसलेली गल्ली उठून आमच्या दारापुढं जमली. गौराबाई हात जोडून उभी राहिली, कारण आरती कुठलीही असो, हात जोडायचे.

आरती संपली. बंटीराव थांबले आणि समोरच्या मोकळ्या फरशीकडं टक लावून बघत बसले.

"काय पायजे त्याला?" मागून आवाज आला. मथुरामावशी काठी टेकत रस्ता ओलांडून आल्या होत्या.

"खोबरं," मी म्हणालो. "घरात आहे का गं?"

"संपलंय," पार्वतम्मा रडवेली होऊन म्हणाली.

मावशी वळल्या, आपल्या घरात गेल्या आणि सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी घेऊन आल्या. वरवंट्यानं तुकडा केला आणि तो लांबूनच पुढं टाकला. बंटीरावांनी तो कुडुमकुडुम खाल्ला आणि उठून मावशींच्या लुगड्याला नाक लावलं.

मावशी त्याच्याकडं बघत राहिल्या. "त्या सांजंला आमच्या कुत्र्यापुढं मोदक टाकला हुता," त्या म्हणाल्या. "वासबी घेतला न्हाय त्यानं." मग दुसरा तुकडा तोडला. तो त्यांनी हातानंच भरवला.

त्यानंतर गल्लीत एकदम गारठा जाणवायला लागला. वीरप्पा म्हणाला, आज जरा गारच आहे, आणि बाज आत घेऊन गेला. गौराबाईकडचे ढेकूण अचानक मेले. आमच्या गाद्यांना पुरेशी हवा लागली. समोरची बाज तिथंच राहिली. मी काही सांगायला गेलो नाही.

पुढं रोज दिवेलागणीला फोनवरून मंगळारती व्हायची, आणि त्याच्या जरा आधी मावशी खोबरं घेऊन येऊन बसायच्या. कधी आरती लांबली, तर व्याह्यांनाच म्हणायच्या, "आवरा की आता, त्येला भूक लागलीया." रात्री मात्र त्या बाहेरच झोपायच्या, सकाळी खोकायच्या. पार्वतम्मा काढा करून द्यायची आणि आत झोपा असं म्हणायची नाही.

श्रीशैलची मंडळी परत आली, तेव्हा बंटीरावांनी सगळ्यांना चाटून घेतलं. रिकाम्या हातानं पाहुणा पाठवायचा नसतो, म्हणून पार्वतम्मानं बंटीरावांच्या पाठीवर नवा टॉवेल घातला. उमादेवींना हसू आवरेना. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "रडला वगैरे नाही ना हो?"

पार्वतम्माचा हात टॉवेलवरच थांबला. शिवकांता आईकडं बघायला लागली. वीरप्पा आभाळाकडं.

"रडायला काय झालं?" मथुरामावशी आपल्या बाजेवरून म्हणाल्या. "गातंय ते. देवाचं म्हनतंय."

उमादेवी खूष झाल्या. शिवकांताला म्हणाल्या, "बघ, मी म्हणत होते ना, तुझ्या माहेरी जमेल त्याला?" मग चपला घालता घालता त्यांना ती बाज दिसली. "मावशी, एवढ्या थंडीत बाहेर झोपता होय तुम्ही?"

"आत लई उकडतंय," मावशी म्हणाल्या.

गाडी गेली. बंटीराव मागच्या काचेतून बघत होते, टॉवेल खांद्यावर, लग्नाहून परतणाऱ्या पाहुण्यासारखे. संध्याकाळ झाली. पार्वतम्मानं निरांजन लावलं आणि सवयीनं दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. सरळ रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्प होता. टीव्ही कुणी बारीक केले नव्हते, तरी ते बारीक वाटत होते.

मी रस्ता ओलांडून समोर गेलो. मावशी बाजेवर बसल्या होत्या, उरलेलं खोबरं मांडीवर. मला वाटलं, आता ती वेळ आली आहे.

"मावशी," मी सुरुवात केली, "माणसाला आवाजाची भीती नसते. आवाजामागं काय आहे ते कळलं नाही, की भीती असते. आणि एकदा का माणसानं त्या भीतीला आपल्या हातानं घास भरवला, की मग ती भीती राहत नाही, ती पाहुणी होते, आणि पाहुणी म्हणजे..."

मावशींनी खोबरं पदरात बांधलं, काठी घेतली आणि उठल्या.

"बोलून झालं का, अण्णा? मग येवढी बाज आत घ्या. लई आत न्हाय. दारापाशी."